एकच साहेब, दोन दुष्काळ

माण नदीवरचा राजेवाडीचा तलाव, मोहोळजवळचा आष्टीचा तलाव, नीरेचा डावा कालवा आणि दौंड-मनमाड लोहमार्ग. इंग्रजांनी आपल्याकडे काय केलं असं कुणी विचारलं की पश्चिम महाराष्ट्रात ही नावं हमखास निघतात. बांधकाम पक्कं होतं यात शंका नाही, दीडशे वर्षं होत आली तरी ती कामं टिकून आहेत. पण ही चारही कामं 1876 ते 1878 च्या दुष्काळाशी बांधलेली आहेत, आणि तिथे माती उपसणाऱ्या माणसांना काय मजुरी मिळत होती हे सांगणारे फार थोडे भेटतात. तो हिशेब कळल्याशिवाय ‘इंग्रजांचा कारभार चोख होता’ हे विधान कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या काळाकडे बघण्याची आपली रीत मुळातच अपुरी आहे. आपण अधिकाऱ्यांची वर्गवारी करतो, अमुक साहेब दयाळू, तमुक साहेब जुलमी. एल्फिन्स्टन चांगला, रँड वाईट. या वर्गवारीतून राज्यकारभार कसा चालत होता याचा काहीच उलगडा होत नाही. सर रिचर्ड टेंपल या एका इंग्रज अधिकाऱ्याची कारकीर्द नीट पाहिली तरी ते ध्यानात येतं.

1873-74 साली बिहारात पाऊस गेला. त्याआधी 1866 मध्ये ओरिसात सरकार हात बांधून बसलं होतं आणि सुमारे दहा लाख माणसं मेली होती. त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री असलेल्या लॉर्ड क्रॅनबोर्नला, म्हणजे पुढच्या लॉर्ड सॉल्सबरीला, आपण वेळेवर काही केलं नाही याची टोचणी लागून राहिली होती. बिहारात तसं होऊ द्यायचं नाही असं ठरलं आणि मदतीची सूत्रं टेंपलच्या हाती आली. ब्रह्मदेशातून सुमारे पावणेपाच लाख टन तांदूळ आणवला, गाड्या आणि बैल भाड्याने घेऊन तो खेडोपाडी पोचवला, कामं काढली, ज्यांना काम झेपत नव्हतं त्यांना घरपोच मदत दिली. उपासमारीने मृत्यू जवळजवळ झालेच नाहीत. हिंदुस्थानातल्या इंग्रजी अमलाच्या सबंध इतिहासात दुष्काळ इतक्या नेटाने हाताळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

या कामगिरीबद्दल टेंपलच्या वाट्याला शाबासकीपेक्षा बोलणीच जास्त आली. साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला म्हणून कलकत्त्यापासून लंडनपर्यंत त्याच्यावर उधळेपणाचा ठपका बसला. तांदूळ उरला, तो स्वस्तात विकावा लागला, त्याचीही चेष्टा झाली. आपल्याला जिवंत ठेवणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं हिंदी लोकांना आता वाटू लागेल, अशी तक्रार लंडनच्या एका नामवंत अर्थविषयक साप्ताहिकाने छापली. ज्या अधिकाऱ्याने लाखोंचे प्राण वाचवले त्याच्या नावापुढे सरकारदरबारी डाग लागला, आणि डाग लागलेला अधिकारी तो पुसायची संधी शोधत असतो.

ती संधी तीन वर्षांत आली. 1876 च्या पावसाळ्याने दख्खनला दगा दिला. कलादगी (आजचा विजापूर-बागलकोट भाग), सोलापूर, सातारा, नगर, पुणे, धारवाड, बेळगाव आणि खाली मद्रास इलाख्यात, म्हैसुरात, हैदराबादेत पिकं करपली. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा थाटाचा दरबार भरला, आणि त्याच महिन्यात टेंपलला दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर धाडण्यात आलं. काय बघायचं हे निघतानाच पुरेसं स्पष्ट होतं. खर्च कमी करायचा होता. बाजारभावात सरकारने ढवळाढवळ करायची नाही, धान्याच्या व्यापाऱ्याच्या वाटेत यायचं नाही, हे लिटनच्या सरकारचं ठाम धोरण होतं. पुढे अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी हेच सरकार पैसे उभे करणार होतं, ही गोष्ट इथेच ध्यानात ठेवावी.

तीन वर्षांपूर्वी पावणेपाच लाख टन तांदूळ आणवणारा टेंपल आता म्हणाला, काम करणाऱ्या माणसाला दिवसाला रतलभर धान्याची किंमत आणि वर मीठमिरचीपुरते सुटे पैसे पुरेत. याआधी दीड रतलाचा हिशेब धरला जात होता. रतल म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी असो वा तांदूळ, तेवढ्यातून सोळाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाला लागतात त्याच्या जेमतेम निम्मे. त्यातच कामावर पोचेपर्यंत अंगात काही उरलेलं नसायचं, कारण आधीचे चार महिने घरातले दाणे, मग गुरं, मग भांडी, मग दारं-खिडक्या विकून काढलेले असायचे.

याला प्रयोग म्हटलं गेलं. एवढ्यावर माणूस तगतो का, ते बघू. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी तिथल्या तिथे विरोध केला. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात मिळणारा शिधा याहून जास्त होता, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्याला टेंपलकडे उत्तर नव्हतं. काही महिन्यांत मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली. कॉर्निशही त्याच सरकारी नोकरशाहीतला इंग्रज होता. म्हणजे तेव्हा कुणाला कळतच नव्हतं, त्या काळी शास्त्र तेवढं पुढे गेलं नव्हतं, ही सबब चालत नाही. कळत होतं. छापील अहवालात लिहिलं जात होतं.

मुंबई इलाख्यात मजुरीचा हा कमी दर जाहीर झाला तेव्हा लोकांनी काय केलं, ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत आलं पाहिजे असं मला फार वाटतं. गावाजवळची लहान कामं बंद करून लोकांना घरापासून लांबच्या मोठ्या कामांवर, छावण्यांत राहायला जायला सांगितलं होतं. हजारो लोकांनी ते नाकारलं आणि कामं सोडली. उपाशी माणसांचा संप. अन्नाला मोताद झालेल्या शेतकऱ्याने, त्याच्या बायकोने, अलुतेदार-बलुतेदाराने एकत्र येऊन सरकारला सांगितलं की या मजुरीवर आम्ही मरणारच आहोत, मग गावातच मरू. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ही बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने तालुक्या-तालुक्यांतून माहिती मिळवली आणि सरकारकडे अर्ज धाडले. कामावरची उपस्थिती घटली तेव्हा सरकारी बाजूने तिचा अर्थ असा लावला की लोकांना मदतीची फार गरज नव्हती.

हा अर्थ लावण्याचा प्रकार मला सगळ्यात भयंकर वाटतो. परीक्षा अशी लावायची की माणूस नापास झाला तरी सरकारचं बरोबर आणि पास झाला तरी बरोबरच. मजुरी इतकी तुटपुंजी आणि छावणी इतकी दूर ठेवायची की अगदी शेवटच्या टोकाला आलेला माणूसच तिथवर येईल. आला तर तो खरा गरजू. नाही आला तर त्याला गरज नव्हती. वाटेत मेला तर तो आकडा पटकी-हिवतापाच्या रकान्यात जायचा.

त्याच वर्षीची दुसरी बाजूही सांगतो. सावित्रीबाई फुल्यांनी 20 एप्रिल 1877 ला जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचं वर्णन आहे. सत्यशोधक कार्यकर्ते गावोगाव अन्नछत्रं आणि मुलांची सोय करत होते. धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम चालला होता. त्या पत्रात एक कलेक्टरही येतो. धरून नेलेल्या सत्यशोधकांची बाजू ऐकून तो त्यांना सोडतो आणि गाड्या भरून ज्वारी पाठवतो. असे अधिकारी होते. पण त्याने दिलेली ज्वारी ही त्याची मर्जी होती. शेजारच्या जिल्ह्यात दुसरा कलेक्टर असता तर ती मिळाली नसती, आणि मिळाली नाही म्हणून कुणी त्याला जाब विचारू शकलं नसतं.

शेतसाऱ्यासाठी तर दुष्काळातही तगादा थांबला नाही. बहुतेक ठिकाणी मिळाली ती तहकुबी. म्हणजे आज नको, पुढच्या साली मागच्या बाकीसकट दे. 1875 मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या. सावकाराच्या पेटीतला कागद आणि डोक्यावरचा सारा यांनी इथला कुणबी किती पिळून निघाला आहे याची चौकशी सरकारनेच केली होती. ते कागद टेबलावर असताना ही वसुली चालली होती. ब्रिटिश मुलखात या दुष्काळात पन्नास लाखांवर माणसं मेली, हा सरकारनेच पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अंदाज आहे. त्याच वर्षांत इंग्लंडला गव्हाची निर्यात चालू होती. नव्या रेल्वेने दख्खनमध्ये धान्य आलं हे खरं, पण ते ज्याच्या गाठीला पैसा होता त्याच्यासाठी आलं.

टेंपलच्या नावावरचा डाग मात्र पुसला गेला. दुष्काळ चालू असतानाच, 1877 मध्ये, तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. माणूस तोच होता, तितकाच हुशार, तितकाच कामसू, दिवसाला कित्येक मैल घोड्यावरून पाहणी करणारा. बिहारात त्याने माणसं जगवली तेव्हा त्याला बोल लागला आणि दख्खनमध्ये पैसे वाचवले तेव्हा बढती मिळाली. त्याची नीतिमत्ता तपासत बसण्यात मला रस नाही. बढती आणि ठपका देणारी माणसं कुठे बसली होती, हा खरा प्रश्न आहे. ती कलकत्त्यात, सिमल्यात आणि लंडनमध्ये होती. कलादगीच्या रयतेच्या हातात टेंपलचं काहीच नव्हतं. ना मत, ना सभागृह, ना त्याची बदली करण्याची ताकद. ज्याला वरच जबाब द्यायचा असतो तो वरचंच ऐकतो. मग तो चांगला असो की वाईट.

पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांनी हा दुष्काळ हिंडून पाहिला आणि 1879 मध्ये रामोशी साथीदार घेऊन बंड केलं. त्यांच्या जाहीरनाम्यात काय मागितलं होतं ते मुद्दाम बघण्यासारखं आहे. लोकांना रोजगार देणारी कामं काढा, कर कमी करा, बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा. नाहीतर गव्हर्नरच्या, म्हणजे टेंपलच्याच, शिरासाठी इनाम. आपण फडक्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून हार घालतो आणि त्या मागण्या विसरतो. एडनच्या तुरुंगात 1883 मध्ये ते गेले.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. इंग्रज सरकार चुकांतून शिकलं, असं म्हणतात. रिचर्ड स्ट्रेचीच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, 1880 ला त्याचा अहवाल आला, 1883 मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा निघाला. टंचाईची लक्षणं कोणती, कामं कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, काम न झेपणाऱ्याला काय द्यायचं, हे सगळं कलमवार लिहून ठेवलं गेलं. ही मोठीच प्रगती होती आणि ती मी नाकारत नाही. लोकांना मरू न देणं हे सरकारचं कर्तव्य आहे ही गोष्ट, जिच्यावरून सहा वर्षांपूर्वी गहजब झाला होता, ती आता सरकारी कागदावर आली. दुष्काळनिवारणासाठी दरसाल दीड कोटी रुपये वेगळे ठेवायचं वचन देऊन त्यासाठी नवे करही बसवले गेले. पण अफगाण युद्धाचा खर्च अंगावर आला आणि तो निधी पहिल्याच झटक्यात मागे पडला. आयोगातल्या केअर्ड आणि सलिव्हन या दोघांनी भिन्नमत लिहून सरकारने धान्याचे साठे ठेवावेत असं सुचवलं, तेही बाजूला पडलं.

आणि संहिता असूनही 1896 ते 1900 या काळात पुन्हा लाखोंनी माणसं मेली. याचं कारण 1896-97 च्या महाराष्ट्रात सापडतं. संहितेतली कलमं शेतकऱ्याला माहीतच नव्हती. लोकमान्यांच्या ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेने ती मराठीत सांगायला सुरुवात केली. सभेची माणसं ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), खानदेशात फिरू लागली. पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट-तहकुबी मागा, कामं मागा, हे कायद्यात आहे, गुरं-ढोरं विकून सारा भरू नका, असं ती गावच्या चावडीत उभं राहून सांगत होती. त्यात राजद्रोहाचं काही नव्हतं. सरकारनेच लिहिलेले नियम सरकारच्या रयतेला वाचून दाखवले जात होते. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट याच्या सरकारने 1897 मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सभेचं म्हणणं यापुढे ऐकलं जाणार नाही, असं कळवलं.

एवढी एकच घटना घेतली तरी इंग्रजी कारभाराचा स्वभाव कळतो. नियम चांगला होता. पण तो अधिकाऱ्याने अधिकाऱ्यासाठी लिहिला होता. रयतेने तो हातात घेऊन ‘हे माझं आहे, द्या’ म्हटल्याबरोबर सरकार बिथरलं. 1943 साली बंगालमध्ये हेच शेवटचं आणि सगळ्यात क्रूर रूपात घडलं. संहिता कपाटात होती, पण तिच्या अन्वये दुष्काळ जाहीरच केला गेला नाही, कारण जाहीर केला की मदत देणं बंधनकारक होतं. तीस लाखांच्या घरात माणसं गेली. जपानी सैन्य दारात होतं, ब्रह्मदेशचा तांदूळ तुटला होता, ही कारणं मला माहीत आहेत. तरीही दुष्काळ जाहीर न करण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता.

याच्या समोर 1972 चा महाराष्ट्र ठेवा. पाऊस सलग गेला होता, विहिरी आटल्या होत्या, पिकांची धूळधाण 1876 इतकीच होती. ज्यांनी तो काळ काढला त्यांना अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी आठवते, खडीची कामं आठवतात. हाल प्रचंड झाले. मजुरी वेळेवर मिळत नव्हती, मुकादम हजेरीत गफलती करत होते, यावर गावोगाव मोर्चे निघाले, घेराव झाले, विधानसभेत रणं माजली. मे 1973 मध्ये पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. आणि 1877 सारखे मृत्यू झाले नाहीत. आमचे अधिकारी टेंपलपेक्षा हुशार किंवा मायाळू होते म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. आमदाराला पुन्हा त्याच गावात मतं मागायला जायचं होतं आणि मोर्चात चालणाऱ्या बाईला ते माहीत होतं. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली, 1977 चा कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरून त्याचा भार उचलला, याचा मला महाराष्ट्रीय म्हणून अभिमान आहे.

पण सगळं बदललेलं नाही. गावात दुष्काळ आहे की नाही हे ठरवायला आपण दीर्घकाळ आणेवारी वापरली, तिचीच पुढे पैसेवारी झाली. ती मुळात साऱ्याच्या सूट-तहकुबीसाठी बनलेली महसुली मोजणी. नेहमीचं पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे धरायचे. पन्नास पैशांच्या आत पीक आलं तर गाव टंचाईत, एक्कावन्न पैसे लागले तर गाव सुखात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर, जेव्हा खरिपाचं रान कधीच मोकळं झालेलं असतं. 2016 नंतर केंद्राच्या नव्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती असे निकष आणले. 2018 मध्ये 151 तालुके त्या आधारे दुष्काळी जाहीर झाले, 2023 मध्ये 40 तालुके, आणि हजारांवर महसूल मंडळांना ‘दुष्काळसदृश’ असा वेगळा शिक्का मिळाला. निकष शास्त्रीय झाले हे चांगलंच झालं. पण उपग्रहाचा आकडा खालून तपासायचा कसा, हे माण-खटावच्या किंवा बीडमधल्या आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. पर्जन्यमापक एका मंडळात एक, तो दहा-बारा गावांपलीकडे बसवलेला, आणि त्याच्यावर पडलेल्या सरीने आपलं कोरडं शिवार ओलं ठरतं, ही तक्रार दरवर्षीची आहे. आकडे वर जातात, निर्णय वरून येतो. या मधल्या वाटेवर गाव कुठेच नसतं.

‘इंग्रज परवडले’ असं वैतागून म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर मी रागावत नाही, पंचनाम्यासाठी तिसऱ्यांदा हेलपाटा घातलेल्या माणसाच्या तोंडी ते येतं. पण हेच वाक्य शिकलेली, पगारदार माणसं गंभीरपणे म्हणतात, कडक साहेब हवा, लोकांना विचारत बसलं की कामं होत नाहीत असं म्हणतात, तेव्हा मला 1877 ची ती छावणी दिसते. लोकांना न विचारणारा, कडक, कार्यक्षम, स्वच्छ हाताचा अधिकारी आपण पाहिलेला आहे. त्याने रतलभर धान्याचा दर ठरवला होता आणि त्याच्या कागदांत खाडाखोड नव्हती.

म्हणून मागणी साहेब बदलण्याची असू नये. पीककापणीचे प्रयोग कोणत्या गटनंबरात झाले, कोण हजर होतं, वजन किती भरलं, हा कागद पैसेवारी वर जाण्याआधी ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे आणि हरकत नोंदवायला गावाला मुदत मिळाली पाहिजे. मंडळातल्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद चावडीच्या फळ्यावर लागली पाहिजे. दुष्काळ जाहीर करायला नकार दिला तर त्याची कारणं मराठीत, लेखी, तहसीलदाराच्या सहीने गावाला मिळाली पाहिजेत, आणि ती न पटल्यास अपील कुठे करायचं हेही त्याच कागदावर असलं पाहिजे. ग्राम पैसेवारी समित्या आजही कागदोपत्री आहेत. या डिसेंबरात आपल्या गावच्या समितीत कोण आहे, ती शिवारात कधी गेली होती आणि तिने काय लिहून दिलं, एवढं विचारायला सुरुवात करा.